पाच सुपाऱ्या आणि एक परवाना

कुवेतमधल्या शुऐबाच्या कारखान्यात चंद्रहास खैरनारांच्या सहीशिवाय कोणी काडी ओढत नसे. वेल्डिंग करायचं, खड्डा खणायचा, टाकीत उतरायचं, कशालाही आधी परमिट लागे आणि परमिट देण्याचं काम खैरनारांचं. ते चष्मा कपाळावर ढकलत, अर्ज उलटसुलट करून बघत आणि बहुतेक अर्ज परत पाठवत. "गॅस टेस्ट कुठंय? खालून केबल गेलीय का बघितलं?" मल्याळी फोरमन असो, इजिप्शियन कंत्राटदार असो, की पुण्याहून नुकताच आलेला इंजिनिअर असो, त्यांच्या टेबलापुढं सगळे सारख्याच पडेल चेहऱ्यानं उभे राहत. पाठीमागं लोक त्यांना 'नन्नासाहेब' म्हणत. खैरनारांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

असा माणूस दोन हजार सालच्या जानेवारीत स्वतःच परवानगी मागायला बाहेर पडला. आणि परवानगी तरी कसली, तर फहाहीलमधल्या एका सरकारी मुलींच्या शाळेच्या मैदानावर मेटल डिटेक्टर फिरवण्याची. ही गोष्ट त्यांनी घरी सांगितली नव्हती. मुलगी जुईलीला नाही, आणि बायको विजयाला तर मुळीच नाही.

कारण होतं दहा वर्षांपूर्वीचं. नव्वदच्या ऑगस्टमध्ये कुवेतवर इराकच्या फौजा चालून आल्या, तेव्हा खैरनार कुटुंब आपला फ्लॅट सोडून त्या शाळेत येऊन राहिलं होतं. आजूबाजूचे पुष्कळ भारतीय तिथं जमले होते. बसगाड्या मिळाल्या की बसऱ्याकडून पुढं जॉर्डन, आणि तिथून विमानानं मुंबई, असा बेत होता. विजयाबाईंनी निघताना दागिन्यांच्या आधी देव्हाऱ्यातले टाक उचलले. पाच चांदीचे टाक, त्यांच्यात नाशिकच्या घराचा खंडोबा आणि सप्तशृंगी. सासूबाईंनी लग्नात ओटीत घातले होते. पण बस ठरली त्या संध्याकाळी बातमी पसरली की वाटेत नाक्यानाक्यावर सामान उपसतात आणि सोनंचांदी दिसली की काढून घेतात. खैरनार बायकोला म्हणाले, "देव नेऊ नकोस. कोणीतरी हिसकावून वितळवून टाकेल. इथंच आवारात नीट लपवून ठेव." विजयाबाईंनी टाक पदराखाली घेतले. पहाटे त्या कुठंतरी जाऊन आल्या, तेव्हा हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते. "ठेवले," एवढंच म्हणाल्या. तेवढ्यात बस आली.

पुढं सगळे सुखरूप पोचले. ब्याण्णवमध्ये कारखान्यातून बोलावणं आलं आणि ती तिघं परत फहाहीललाच आली, जुन्या घरापासून दोन गल्ल्यांवर. देव्हाऱ्यात टाकांच्या जागी पाच सुपाऱ्या बसल्या. देव हाताशी नसले की सुपारीत देव मानायचा, ही आपल्याकडची जुनी सोय आहे आणि फार शहाणी सोय आहे. विजयाबाई त्या सुपाऱ्यांना रोज न्हाऊ घालत, गंध लावत, नवरात्रात त्यांच्यापुढंच घट बसवत. एकदा, आल्यानंतरच्या वर्षी, त्यांनी विषय काढला होता, "आपले देव आणायचे का हो शाळेतून?" त्यावर खैरनार म्हणाले होते, "परक्या देशातल्या सरकारी शाळेत खोदू देईल का कोणी? विसर आता ते." नन्नासाहेबांचा नन्ना घरीही चालत असे. त्यानंतर बाईंनी पुन्हा विचारलं नाही. पण आपणच देव टाकून यायला लावलं ही गोष्ट खैरनारांच्या मनात खड्यासारखी टोचत राहिली. बाजारात जाताना त्या शाळेची भिंत लागली की ते उगाच रस्त्याच्या दुसऱ्या बाजूकडं बघत. विजयाबाई भिंतीपाशी आल्या की कपाळाला हात लावत. घाम पुसत असतील, असं खैरनारांना वाटे.

आणि आता जुईलीचं लग्न ठरलं होतं. लग्न मे महिन्यात नाशिकला, त्याआधी घरचा गोंधळ. थोरल्या भावाचा फोन आला, "चंदू, गोंधळाला चौरंगावर टाक मांडावे लागतील. सुपाऱ्या नाही चालायच्या, माणसं नावं ठेवतील. मी सराफाला नवे पाच घडवायला सांगतो. मार्च संपेपर्यंत कळव." खैरनारांनी ते बायकोला सांगितलं. विजयाबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्या खाली मान घालूनच म्हणाल्या, "असलेले असताना नवे कशाला?" आणि आत निघून गेल्या.

त्या एका वाक्यानं खैरनारांची झोप उडाली. मार्चअखेरपर्यंत देव मिळाले तर ठीक, नाहीतर नाशिकला नवे टाक घडणार आणि जुने कायमचे गेले असं घरानं मान्य केल्यासारखं होणार. ते तिला सहन होणार नाही, आणि तिचं तोंड बघणं आपल्याला सहन होणार नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी ठरवलं की देव शोधायचे. पण मिळेपर्यंत तिला सांगायचं नाही. उगाच आशा लावून पुन्हा 'नाही' म्हणायची वेळ आली तर?

मेटल डिटेक्टर मिळाला सहज. कारखान्यातला शैलेश दातार सुटीच्या दिवशी समुद्रकिनाऱ्यावर नाणी हुडकत हिंडे. त्याच्या मेव्हण्यानं अमेरिकेतून ते यंत्र पाठवलं होतं. "घेऊन जा सर," तो म्हणाला, "पण परमिट?" हे विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो खैरनारांनी मोठ्या मनानं पोटात घातला.

पहिल्या दिवशी ते शाळेच्या फाटकापर्यंतच पोचले. हारिस, म्हणजे तिथला राखणदार, म्हणाला की मुलींची शाळा आहे, पुरुषांनी आत यायचं नाही, मुदीरांशी फोनवर बोला. मुदीरा म्हणजे मुख्याध्यापिका. फोनवर एक शांत, भारदस्त आवाज आला, "शिक्षण खात्याच्या विभागीय कार्यालयातून पत्र आणा." विभागीय कार्यालयातल्या कारकुनानं चहा दिला आणि विचारलं, "काय शोधायचंय?"

इथं खैरनार घसरले. देव म्हणायची हिंमत झाली नाही. परक्या देशात, परधर्माच्या माणसापुढं, मूर्ती पुरलीय म्हणून कसं सांगायचं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. ते म्हणाले, "चांदी. घरची जुनी चांदी."

झालं. चांदी म्हटल्यावर कारकुनानं कान टवकारले. किती किलो? कधी घेतली? पावती? दोन टेबलं सोडून बसलेला माणूस खुर्ची ओढून जवळ आला. त्याचं म्हणणं पडलं की जमिनीतून निघालेली चांदी म्हणजे पुराणवस्तू, तेव्हा संग्रहालयाला विचारायला हवं. पहिल्याचं म्हणणं पडलं की तसं काही नाही, पण लढाईनंतर मैदानात बॉम्बबिम्ब राहिला नाही याची खात्री हवी, तेव्हा मखफरमधून, म्हणजे पोलीस ठाण्यातून, कागद आणा. पोलीस ठाण्यात तरुण अधिकाऱ्यानं विचारलं, "यंत्र वाजलं आणि खाली बॉम्ब निघाला तर जबाबदार कोण?" खैरनारांना तो प्रश्न इतका रास्त वाटला की त्यांनी त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली. त्यांनीही हेच विचारलं असतं. अधिकारी म्हणाला, "बुक्रा या." उद्या. ते उद्या गेले. पुन्हा बुक्रा.

सरकारी काम, सहा महिने थांब, ही म्हण आपण आपल्याच देशाची म्हणून मिरवतो, पण ती समुद्र ओलांडूनही तितकीच खरी उतरते. मात्र एक नवल असं की खैरनारांना त्या हेलपाट्यांचा राग आला नाही. फेब्रुवारीत कुवेतची हवा मोठी गोड असते. ते ड्यूटी संपवून गाडी काढत, खिडकी खाली करत आणि कुठल्या ना कुठल्या बाकावर जाऊन बसत. बाकावर बसलेल्या माणसाला टेबलामागचा माणूस कसा दिसतो, हे त्यांना आयुष्यात प्रथमच कळत होतं. त्या महिन्यात शुऐबाला अर्ज परत येण्याचं प्रमाण एकाएकी घटलं. परत जाणाऱ्यांनासुद्धा नन्नासाहेब आता बसायला खुर्ची देत आणि काय कमी पडलं ते नीट सांगत. फोरमन लोक म्हणू लागले, मुलीचं लग्न ठरलं की बापाचं मन असंच मऊ होतं.

मार्च उजाडला. मैदान लढाईनंतर तपासलेलं असून सुरक्षित आहे असा कागद पोलिसांनी दिला, आणि त्याच्या जोरावर विभागीय कार्यालयानं एकदाचं पत्र दिलं. चंद्रहास खैरनार यांना शाळेच्या मैदानावर, सुटीच्या दिवशी, मुख्याध्यापिकेच्या समक्ष, धातुशोधक यंत्र वापरण्यास हरकत नाही. खाली गोल निळा शिक्का. खैरनारांनी त्या शिक्क्याकडं असं पाहिलं की कारकून हसला.

मुख्याध्यापिका ताहिराबाईंनी त्यांना फाटकाजवळच्या खोलीत भेट दिली. पन्नाशीच्या, काळा अबाया, डोळ्यांवर सोनेरी काडीचा चष्मा. इंग्रजी चांगलं आणि सिनेमे बघून शिकलेलं थोडं हिंदी. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"हे ठीक आहे. पण वस्तू कोणी ठेवली? तुम्ही?"

"नाही, माझ्या बायकोनं."

"मग जागा तिला माहीत. तुम्हाला नाही."

"मैदान केवढंसं आहे, मॅडम. यंत्र शोधून काढेल."

"माझ्या शाळेत रोज शेकडो मुली डबे खातात आणि ज्यूसचे कॅन पितात, मिस्टर खैरनार. तुमचं यंत्र वेडं होईल." त्यांनी पत्राची घडी घातली. "ज्यानं ठेवलं त्यानं येऊन दाखवावं. गुरुवारी शाळा बंद असते. बायकोला घेऊन या."

खैरनारांना नाही म्हणता आलं नाही. म्हणायला जागाच नव्हती. अर्ज परत केला होता आणि कारण अगदी बिनतोड होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोपुढं पत्र ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. जुईली सोफ्यावर बसली होती. "बाबा, यू डिड ऑल धिस? दोन महिने?" विजयाबाई मात्र पत्राकडं न बघता नवऱ्याकडं बघत होत्या. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते. बऱ्याच वर्षांत त्यांनी नवऱ्याकडं असं पाहिलं नव्हतं.

"आणि ते यंत्र कशाला?" त्यांनी विचारलं.

"पुरलेलं कळायला नको का?"

"पुरलेलं?" विजयाबाईंनी पदर तोंडाला लावला. "अहो, देव कोणी मातीत पुरतं का? मातीत कोणाला पुरतात, ते तरी आठवा. मी देव पाण्यात ठेवलेत."

संकट आलं, माणूस परगावी अडकला, पोराचा ताप उतरेना, की आपल्याकडच्या बायका देव पाण्यात ठेवतात. काम फत्ते झालं की मग काढायचे. हे खैरनारांनी आईला करताना पाहिलं होतं, आत्याला करताना पाहिलं होतं. पण त्या पहाटे बायकोचे हात बघून त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट शिरली होती, माती. दहा वर्षं त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

"कुठल्या पाण्यात?"

"शाळेच्या मागच्या बाजूला जमिनीत टाकी आहे ना? पंप बंद पडला होता तेव्हा आपण बादलीनं काढत होतो, तीच. तांब्यात पाची टाक घातले, वर खण बांधला आणि कपडे वाळत घालायच्या नायलॉनच्या दोरीनं आत सोडले. दोरी आतल्या शिडीच्या दांड्याला बांधलीय. तिथं शेवाळाचा चिखल केवढा होता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"विचारलं होतं. तुम्ही विसर म्हणालात. आणि मला कुठं घाई होती? देव पाण्यात नीट होते. भिंतीवरून जाताना रोज नमस्कार करत होते की." मग त्या हसल्या. "काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला एकदा विचारायचं होतंत."

गुरुवारी सकाळी चौघं शाळेत गेली. चौथा शैलेश, कारण यंत्र त्याचं आणि उत्सुकताही त्याचीच. ताहिराबाई हारिसला बरोबर घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विजयाबाईंना खुर्ची देऊ केली, पण त्या बसल्या नाहीत. सरळ मागच्या बाजूला निघाल्या, घरच्या मागीलदारी जावं तशा. मागं बोराच्या जातीची दोन सिद्राची झाडं होती आणि एक लोखंडी झाकण. शैलेशनं हौसेनं यंत्र पुढं धरलं. झाकणाजवळ जाताच ते जे किंचाळायला लागलं ते थांबेना. खाली सळया, वर लोखंड, भोवती कॅनची झाकणं. खैरनारांनी हात पुढं करून बटण बंद केलं. दोन महिन्यांच्या खटपटीनं मिळवलेला परवाना दोन मिनिटांत कामाला येऊन संपला.

"ही टाकी आम्ही आता पिण्यासाठी वापरत नाही," ताहिराबाई म्हणाल्या. "झाडांना पाणी देतो फक्त. पण चांदी पाण्यात का ठेवली?"

खैरनार काही सारवासारव करणार, तेवढ्यात विजयाबाई आपल्या मोडक्या हिंदीत बोलल्या. "मॅडम, सिर्फ चांदी नहीं. हमारे घर के देव हैं. मैंने बोला था, सबको घर पहुँचाओ, तब तक पानी में रहो. सब पहुँच गये. उनको ही निकालना रह गया."

हारिसनं मुख्याध्यापिकेकडं पाहिलं. ताहिराबाईंनी चष्मा काढून पुसला.

"त्या वेळी गेलेल्या लोकांनी इथं बरंच काही ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "मी परत आले तेव्हा एक खोली भरून सामान होतं. शिवणयंत्र, प्रेशर कुकर, एक कॅरम बोर्ड. मी वर्षभर कुलूप लावून ठेवलं. कोणी आलं नाही. मला फार वाईट वाटायचं." मग त्या विजयाबाईंकडं वळल्या. "आत काय आहे ते मी विचारायला नको होतं. कोणी माझ्या शाळेत विश्वासानं ठेवलं, तर ती अमानत आहे. ज्याची त्याला द्यायची. घ्या बहेन."

हारिसनं झाकण उचललं. आत अंधार होता आणि खाली पाणी चमकत होतं. "मी उतरतो," तो म्हणाला आणि चपला काढू लागला.

"थांब!" खैरनार ओरडले. एवढ्या मोठ्यानं की सिद्रावरच्या चिमण्या उडाल्या. "जुनी बंद टाकी आहे. गॅस टेस्ट केल्याशिवाय कोणीही आत उतरणार नाही. मी परवानगी देत नाही."

दोन महिने परवानगीसाठी दारोदार हिंडलेला माणूस ऐन वेळी स्वतःच परवानगी नाकारत होता. शैलेशला हसू आवरेना. "सर, मी शुऐबाला जाऊन मीटर आणू का?"

"नाहीतर काय. देव दहा वर्षं थांबलेत, आणखी दोन तास थांबतील. माणूस गेला तर परत येत नाही."

"उतरायचंय कोणाला?" विजयाबाई म्हणाल्या. त्या केव्हाच गुडघ्यांवर बसल्या होत्या. पदर खोचून त्यांनी वरूनच आत हात घातला, पहिला दांडा चाचपला आणि दोरी पकडली. टाकी धुणाऱ्या माणसांनी वर्षानुवर्षं ती बघितली होती, पंपाची असेल म्हणून तशीच राहू दिली होती. निळी दोरी आता शेवाळानं हिरवी झाली होती, पण गाठ पक्की होती. दहा वर्षांपूर्वी घाबरलेल्या हातांनी मारलेली गाठ. त्यांनी दोरी ओढायला सुरुवात केली. खैरनारही शेजारी गुडघे टेकून बसले आणि त्यांनी तिच्या हातामागून हात धरला. या कामाला परमिट लागत नव्हतं.

तांब्या वर आला तेव्हा काळाहिरवा पडला होता. खणाचा रंग ओळखू येत नव्हता. विजयाबाईंनी तो तिथंच उलगडला. पाच काळे टाक, सगळे शाबूत. त्यांनी अंगठ्यानं एकावर घासलं, आणि काळपटातून खंडोबाचा घोडा बाहेर आला. खैरनारांनी बायकोच्या पाठीवर हात ठेवला.

ताहिराबाईंनी टाकांकडं पाहिलं नाही. त्या झाडांकडं बघत होत्या. "या झाडांना यंदा फळं फार आली," एवढंच म्हणाल्या, आणि हारिसला त्यांनी पिशवीभर बोरं बांधून द्यायला सांगितलं. "मुलीच्या लग्नाला न्या."

रात्री नाशिकला फोन झाला. सराफाला नको म्हणून कळवलं. विजयाबाईंनी चिंचेच्या कोळानं टाक लख्ख केले, पंचामृतानं न्हाऊ घातले आणि देव्हारा पुसायला घेतला. जुईली मदतीला होती. तिनं सुपाऱ्या एका वाटीत काढून ठेवल्या. "आई, दीज कॅन गो नाऊ, ना? खरे आले."

विजयाबाईंनी वाटी तिच्या हातातून घेतली. त्यांनी टाक मागच्या ओळीत मांडले आणि पुढं, अगदी दिव्याजवळ, पाची सुपाऱ्या परत बसवल्या.

"खरे नव्हते तेव्हा या होत्या," त्या म्हणाल्या. "आता ते आले म्हणून यांना उठ म्हणायचं का?"

"नाही," नन्नासाहेब म्हणाले, आणि त्यांनी दिव्यात तेल घातलं.